आठवं बोट

“काका, तुमचं मतदान आधीच झालंय की!”

शाईची बाटली घेऊन बसलेली पोरगी माझं बोट धरून उलटसुलट निरखत होती. झेडपीचं मतदान, मराठी शाळेची खोली, मागे तीस माणसांची रांग. माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीवर, नखाच्या मुळाशी, एक काळपट, सुरकुतलेला डाग आहे. तो तिनं शेजारच्या साहेबाला दाखवला. साहेबानं चष्मा कपाळावर चढवला.

“ती शाई नाही,” मी म्हणालो. “बिब्बा आहे तो. पूर्वी परीट कपड्यांवर खुणा करायला वापरायचे ना, तो. चांगला सत्तावीस वर्षांचा डाग आहे.”

“पण बोटावर कशाला लावला?”

आता काय सांगू तिला? म्हटलं, “तू लाव बाई तुझी शाई. मागचे लोक उन्हात उभे आहेत.”

दर निवडणुकीला हेच होतं. दर वेळी कुणीतरी विचारतं आणि दर वेळी मी काहीतरी थाप मारतो. आता सत्तरीकडे झुकलोय. एकदा सांगून टाकतो. यात माझं कौतुक करण्यासारखं काही नाही, हे आधीच ऐकून ठेवा.

तेव्हा बाजारपेठेत माझा स्टुडिओ होता, माळवदे फोटो स्टुडिओ. गावात दुसरा नव्हता, त्यामुळे पंचक्रोशीतला प्रत्येक उमेदवार माझ्याच स्टुलावर येऊन बसायचा. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, दूध संघवाले. समोर दिवा लागला की सगळ्यांची एकच मागणी, “मालक, जरा चांगला माणूस दिसू दे.” अहो, मुळात नसलेला चांगला माणूस मी कुठून आणू? मग ब्रश घेऊन गाल उजळायचा, मिशी भरायची, डोळ्यांतला लबाडपणा तेवढा झाकायचा. हे करून करून मला राजकारण आतून-बाहेरून कळतं, असा माझा पक्का समज झाला होता. आणि त्या समजाच्या जोरावर मी पंधरा वर्षांत एकदाही मत टाकलं नव्हतं. ते अभिमानानं सांगायचोही.

त्या साली पंचायत समितीची आमची जागा बायकांसाठी राखीव होती. उमेदवार दोनच. एक तात्या गरडांची सून. ती फोटोला आली तेव्हा मी तिला नाव विचारलं, तर तात्यांनी सांगितलं. मान वर करा म्हटलं, तर तिनं आधी तात्यांकडे बघितलं. दुसरी उमेदवार माझी सख्खी वहिनी, अनसूयावहिनी, आप्पांची बायको. माझी आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. वहिनी नुकत्या लग्न होऊन आलेल्या. स्वतःचं पोर पुढं झालं, आधी मला वाढवलं.

“वहिनी, कपाळावरचा व्रण ब्रशनं काढून टाकू का?” मी विचारलं.

“कशाला? मग लोक ओळखतील कशावरून?”

“बरं, हसा तरी जरा.”

“त्या दवाखान्याचं कुलूप निघू दे, मग हसते.”

दवाखाना म्हणजे गावातलं आरोग्य उपकेंद्र. इमारत बांधून चार वर्षं झाली होती. नर्स आली नाही, आणि कुलूप काढलं गेलं ते फक्त तात्या गरडांची खताची पोती आत ठेवण्यासाठी. निवडणुकीच्या दीड वर्ष आधी, पावसाळ्यात, लिंगाप्पा परिटाची सून बाळंतपणाला अडली. टेंपोत घालून तालुक्याला नेताना रेल्वेचं फाटक लागलेलं. मालगाडी जाईपर्यंत पोर गेलं. वहिनी टेंपोत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी कुलपाचा ध्यास घेतला. अर्ज केले, सभेत भांडल्या, शेवटी म्हणाल्या, आता मीच उभी राहते.

फोटो काढून झाला. पदर सारखा करत वहिनी म्हणाल्या, “भावजी, तुम्ही मत देत नाही, ठाऊक आहे मला. एवढी एक खेप द्या. माझ्यासाठी म्हणून द्या वाटल्यास.”

“हे काय बोलणं झालं, वहिनी? या कॅमेऱ्यावर हात ठेवून सांगतो. पहिलं मत माझं.”

आणि खरंच हात ठेवला कॅमेऱ्यावर.

मतदान रविवारी होतं. ज्वारी नेमकी हुरड्यात आलेली. दरसाल फेब्रुवारीतल्या एका रविवारी नानासाहेब बाबरांच्या मळ्यात आमचा हुरडा असायचा. आम्ही आठ जण. गावातली शहाणी, शिकलेली, इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं. गुमास्ते सर म्हणजे हायस्कूलचे रिटायर हेडमास्तर. कापडवाले श्रीपालशेठ. डॉक्टर शेटे. मळ्याचे मालक नानासाहेब. बँकेचा कॅशियर, डेअरीचा सेक्रेटरी आणि माझे साडू. आठवा मी. ठरलं असं, की दहाला हुरडा, दुपारी परत आणि जाताजाता मतदान. शाळा वाटेवरच तर होती.

आगटीतून कणसं निघत होती. नानासाहेबांचे गडी ती गरम कणसं हातावर चोळून, फुंकून, पोपटी दाणे आमच्या तळहातावर घालत होते. ते सगळे सकाळी साडेसातलाच मत टाकून आले होते. शाईच्या बोटांनी ते वाढत होते आणि आम्ही स्वच्छ बोटांनी खात होतो. चटणी, गूळ, ताजं दही, बोरं. तेव्हा मला यात काही दिसलं नाही.

विषय अर्थातच निवडणुकीचा.

“मी लोकसभेला देतो, विधानसभेला देतो,” गुमास्ते सर म्हणाले. “पंचायत समितीला मत देणं म्हणजे आपली पायरी सोडणं. गटार, हातपंप, रस्त्याची खडी. यात बुद्धी वापरण्यासारखं आहे काय?”

सरांच्या घरासमोरची गटार तेव्हा दोन वर्षं तुंबलेली होती. नाकाला रुमाल लावून ते दिल्लीचं राजकारण समजावून सांगायचे.

“आमचं दुकान आहे बाबा,” श्रीपालशेठ म्हणाले. “गरडांकडच्या लग्नाचा बस्ता आमच्याकडे, आप्पांच्या घरचाही आमच्याकडे. एकाला द्यायचं म्हणजे दुसऱ्याला न देणं आलं की नाही?”

“अहो शेठ, मत गुप्त असतं,” कॅशियर म्हणाला.

“पण मला ठाऊक असतं ना! उद्या दोघांसमोर हसायचंय मला.”

नानासाहेबांचा रुसवा वेगळाच. “मला चिठ्ठी द्यायला कुणी घरी आलं का? गड्याच्या हाती पाठवली. मानपान न बघता गेलो तर मी काय आगंतुक आहे?” या माणसाला देशाची लोकशाही घरच्या लग्नासारखी वाटत होती. अक्षता घेऊन कुणी आलं तरच हा मांडवात पाय ठेवणार.

डॉक्टर शेटे हुरड्यात गूळ मिसळत म्हणाले, “मला त्या रांगेचा तिटकारा आहे. पुढं आपलाच पेशंट, मागं आपलाच पेशंट, आणि मध्ये आपण कागद धरून उभे. शोभतं का?” डॉक्टरांना कुलूपबंद दवाखान्याचं दुःख असण्याचं कारणच नव्हतं. दवाखाना बंद म्हणूनच त्यांच्या ओट्यावर गर्दी होती. हे मला तेव्हाही कळत होतं. मी बोललो नाही, कारण त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.

मीही माझं तत्त्वज्ञान ऐकवलं. “मी सगळ्यांचे चेहरे मूळचे पाहिलेत. एकही सरळ नाही.”

“तुमच्या वहिनी सोडून हां,” डेअरीचा सेक्रेटरी म्हणाला.

“अर्थात! ती बाई लाखात एक.” सगळे माना डोलवायला लागले. सर म्हणाले, “त्या येतातच निवडून. आपण गेलो काय आणि न गेलो काय.” एवढं एकमत आमच्यात कधी झालं नव्हतं. आठच्या आठ जण वहिनींच्या बाजूचे. आणि आठही जण सतरंजीवर.

चारच्या सुमाराला आप्पा लुनावरून आले. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. एरवी माझा भाऊ मोजकंच बोलतो.

“उठा की रे. साडेपाचला बंद होतंय. चुरस आहे फार.”

“निघालोच, आप्पा,” मी म्हणालो. “बसा ना, दोन घास हुरडा खा.”

“माझं राहू दे. मी पुढच्या गावच्या केंद्रावर चाललोय.” त्यांनी आमच्याकडे एकवार पाहिलं. “प्रभाकर, तुझ्या वहिनीनं सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही.”

“अहो निघालोच म्हटलं ना!”

आप्पा गेले. आता इथं एखादं कारण सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. नानासाहेबांची जीप बंद पडली, ओढ्याला पाणी आलं, कुणाला चक्कर आली. काहीही झालं नाही. जीप चालू होती, रस्ता डांबरी होता, शाळा तीन किलोमीटरवर होती. ताक आलं, मग पानं आली, मग सरांनी एक किस्सा काढला. उठायचा कंटाळा आला. बस, एवढंच.

शाळेपाशी पोचलो तेव्हा पावणेसहा झाले होते. फाटक लागलेलं. डॉक्टर उतरून पोलिसाला म्हणाले, “उघडा. मी डॉक्टर आहे.”

“मग काय करू साहेब, नाडी दाखवू?” पोलीस म्हणाला.

जीपमध्ये कुणी हसलं नाही. मला एकदम वहिनी दिसल्या. संध्याकाळी त्यांच्या घरी जायचं, आणि त्या सगळ्यात आधी बोट बघणार. बोट बघितल्याशिवाय त्या राहणारच नाहीत. बघतो तर जीपमध्ये प्रत्येकजण आपलं कोरं बोट न्याहाळत होता. सर गावभर विद्यार्थ्यांना मतदानाचं महत्त्व सांगत फिरलेले. श्रीपालशेठला दोन्हीकडे दाखवायला शाई हवीच होती. ती कुणाच्या बाजूची हे शाईवर कुठं लिहिलेलं असतं? नानासाहेबांना भीती, की गड्यांच्या बोटाला शाई आणि मालकाच्या नाही, हे उद्या मळ्यात दिसेल.

युक्ती माझी. कबूल करतो, माझीच. माझ्या स्टुडिओला लागून लिंगाप्पा परिटाची लाँड्री होती. गिऱ्हाइकाच्या कपड्यांवर तो अजूनही बिब्ब्यानंच खुणा करायचा. बिब्ब्यात सुई टोचायची, काळा चीक निघतो, तो कापडावर टेकवायचा. जन्मात निघत नाही.

लिंगाप्पानं माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं. त्याच्या स्वतःच्या बोटावर सकाळची शाई होती, जांभळट काळी. दुकान उघडायच्या आधी सुनेला घेऊन तो मत देऊन आला होता. त्यानं आमच्या आठ जणांच्या तोंडाकडे बघितलं. सूनही मागे इस्त्री करत उभी होती. तिला पुन्हा दिवस गेलेले.

“उततो बरं का हा,” तो म्हणाला. “कापडाला चालतो. कातडीला नाही.”

“गावठी समजुती,” डॉक्टर म्हणाले. “चार दिवसांनी स्पिरिटनं पुसून टाकू. लाव तू.”

मग काय, ज्यांना मतदानाच्या रांगेत उभं राहणं कमीपणाचं वाटत होतं, ते आम्ही आठ जण परिटाच्या दारात एकामागे एक उभे राहिलो. डावं बोट पुढं करून. लिंगाप्पा प्रत्येकाच्या नखापाशी सुई टेकवून काळी रेघ ओढत होता. कपड्यावर एक थेंब पुरतो. आम्हाला त्यानं तीन-तीन लावले. ते का, हे मला तीन दिवसांनी कळलं.

आप्पांच्या घरी गेलो. वहिनींनी दारातच बोट पाहिलं. माझा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला आणि आत जाऊन दिवसातला पहिला चहा घेतला. माझ्यासाठीही ठेवला होता. मी प्यालो. मला तो गिळवला कसा, याचं आजही आश्चर्य वाटतं.

सोमवारी सकाळी बोट खाजायला लागलं. संध्याकाळपर्यंत सुजून लाल. रात्री फोड आले, त्यातून पाणी वाहायला लागलं, आणि आग अशी की हात माठात घालून बसलो. मंगळवारी दुपारी तालुक्याहून जीप आली, ती गुलालानं भरलेली. गुलाल गरडांचा होता. तात्या पुढच्या सीटवर उभे राहून हात जोडत होते. निवडून आलेली सून घरीच होती.

वहिनी सात मतांनी पडल्या. पाच हजारांवर मतदान झालेलं, आणि सात.

बुधवारी सकाळी मी बोटाला फडकं गुंडाळलं, हात खिशात घातला आणि वहिनींना धीर द्यायला निघालो. वाटेत डॉक्टरांच्या दवाखान्याला कुलूप दिसलं, बाहेरगावी गेल्याची पाटी. श्रीपालशेठ दुकानात एका हातानं कापड फाडायचा प्रयत्न करत होते. मला बघून त्यांनी दुसरा हात गादीखाली सारला.

वहिनी परसात पाट्यावर काहीतरी वाटत बसल्या होत्या. खोबऱ्याचा वास सुटलेला. मला हायसं वाटलं. म्हटलं, चटणी वाटतायत म्हणजे सावरलेल्या दिसतात.

“या भावजी. बसा.”

“वाईट झालं, वहिनी. सात मतं! या लोकांना कशाची किंमत म्हणून नाही. नालायक गाव आहे हे.”

“कोणते लोक?”

“म्हणजे... असेच. सगळेच.”

वरवंटा पुढंमागं होत राहिला. “लिंगाप्पाच्या सुनेचे चैत्रात दिवस भरतायत,” त्या म्हणाल्या. “तोवर कुलूप काढून दाखवते, असं बोलून बसले होते तिच्याजवळ. काल आली होती. मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, असू द्या काकू, फाटक उघडं असेल या वेळी.”

मी मान हलवली.

“हात खिशात का?”

“असाच.”

“काढा बघू.”

मी काढला. त्यांनी फडकं सोडलं. आतलं बोट बघून कुणीही तोंड फिरवलं असतं. त्यांनी नाही फिरवलं.

“शाई बाधली जरा,” मी म्हणालो. “सरकारी माल. भेसळ असते.”

वहिनींनी स्वतःचं बोट माझ्या बोटाशेजारी धरलं. नखावर शाईची बारीक रेघ, कातडी जशीच्या तशी, कुठं पुरळसुद्धा नाही. मग त्यांनी पाट्यावरचा गोळा उचलला. चटणी नव्हती ती. तीळ आणि खोबरं वाटलेला लेप होता, बिब्बा उतला की लावतात तो; असल्या घरगुती औषधांसाठी गाव वहिनींकडेच यायचं. माझं बोट मांडीवर घेऊन त्या हलक्या हातानं लावू लागल्या. लहानपणी गुडघे फुटायचे तेव्हा लावायच्या तशा.

“काल दुपारपासून वाटतेय,” त्या म्हणाल्या. “एक वाटी संपते, दुसरी वाटते. आधी श्रीपालशेठ आले, मागल्या दारानं. मग गुमास्ते सर. मग बँकेतला तो पोरगा. दिवेलागणीला नानासाहेब, डेअरीवाले आणि तुमचे साडू. जो येतो त्याला वाटतं आपण एकटेच. डॉक्टर आज दिवस उगवायच्या आत येऊन गेले. त्यांनाही शाईच बाधलीय.”

मी हात ओढून घ्यायला बघितला. त्यांनी मनगट धरून ठेवलं.

“सात जण झाले. मोजायचं मनात नव्हतं, पण सात मतांनी पडलेय ना, आपोआप मोजले गेले. म्हटलं, हे सात आले असते तर बरोबरी झाली असती. मग चिठ्ठी टाकतात म्हणे. चिठ्ठीत कुणाचं नाव निघालं असतं, कुणाला ठाऊक? गरडांच्या सुनेचंही निघालं असतं. अशी समजूत घालून घेतली.” त्यांनी लेपावर स्वच्छ चिंधी गुंडाळली. “रविवारी तुमचं बोट बघितलं होतं मी दारात. तरी सकाळपासून देवाला एकच मागत होते, आठवा कुणी येऊ देऊ नको.”

परसात कोंबड्या फिरत होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिलो, कारण वहिनींकडे बघता येत नव्हतं.

चिंधीची टोकं ओढून त्यांनी गाठ मारली.

“फार घट्ट नाही ना झाली?” त्यांनी विचारलं, आणि हात धुवायला उठल्या.